झिऱ्यावरची विचारपूस

आमचं गाव भातकुलीच्या पलीकडे, पेढी नदीच्या काठावर. गावातली कोणतीही विहीर घ्या, पाणी खारंच. असल्या गावातल्या मुलांच्या सोयरिकी मी जुळवल्या, फुकट जुळवल्या आणि वर शिव्या खाल्ल्या. माझं नाव नत्थुजी. मध्यस्थ म्हटला की लोकांना वाटतं, हा दोन्ही घरची पुरणपोळी खातो. खातो, कबूल आहे. पण पुरणपोळीच्या आधी त्याला काय काय गिळावं लागतं, ते कोणी विचारत नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसाला मान होता. काळी जमीन, घरोघरी ज्वारीची कणगी, गोठ्यात बैल. नव्हत्या त्या फक्त सुना. 'खारपाणात पोट्टी देऊ नये' हे वरच्या बागायती मुलखात लहान पोराला सुद्धा पाठ होतं. मुलीचा बाप यायचा, घर पाहून खूश व्हायचा, वावर पाहून त्याहून खूश व्हायचा, आणि पाण्याचा पहिला घोट पोटात गेला की त्याला अमरावतीला एखादं जरुरी काम आठवायचं.

माझा चुलतभाऊ किसनराव. त्याचा मुलगा भगवंत असा दोनदा लग्नाचा राहिला होता. किसनराव जातीचा माळी, पण माळी असून मळा नाही, कारण आमच्या विहिरीच्या पाण्यानं वांग्याचं रोप सुद्धा करपतं. बापलेक दोघेही कापूस पिकवायचे आणि दोघेही मुखस्तंभ. त्या घरातलं सगळं बोलणं किसनरावाची बायको मैनाबाई एकटी उरकायची. बोलणं तरी कसलं, पाण्याचंच. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या सरकी-ढेपेत, भांडी विसळलेलं अंगणातल्या सड्याला, न्हाणीतलं परसातल्या कडुनिंबाला. तिच्या घरात पाणी दोन कामं केल्याशिवाय जमिनीवर पडत नसे. भगवंत लहानपणी रडायला लागला की ती म्हणायची, "रडू नोको बापू, डोयातलं बी खारंच हाये, काई कामाचं नाई."

गोडं पाणी मिळायचं ते नदीत. उन्हाळ्यात पेढीची धार करंगळीएवढी होते, मग बाया वाळूत हातभर खड्डा करतात. त्याला झिरा म्हणतात. वाळूतून पाझरून पाणी वर येतं, अगदी निवळ आणि गोडं, पण येतं त्याच्या मर्जीनं. बाईनं काठावर बसायचं आणि करवंटीनं एकेक घोट घागरीत टाकायचा. म्हणून आमच्या गावात नदीला वर आणि खाली असतं. सगळ्यात वर झिरे, त्याच्या खाली माणसांची आंघोळ, त्याच्या खाली कपडे, आणि गुरं पार पिंपळाच्या वळणाला. वरच्या अंगाला कोणी साधे पाय बुडवले, तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि ज्याच्यामुळे झिरा गढूळ झाला, त्यानंच तो उपसून द्यायचा आणि नवं निवळ पाणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. मग तो पाटील असो नाहीतर पाटलाचा सासरा.

चैतात मी मोर्शीकडचं एक स्थळ आणलं. मुलीचा बाप पुंजाराम. संत्र्याचा बाग, केळी, झेंडू, दोन मोटांची विहीर. एवढ्या पाण्याचा माणूस आमच्याकडे यायला तयार झाला, हाच माझ्या जिभेचा पराक्रम. मी त्याला सगळं सांगितलं होतं. फक्त पाण्याचा विषय निघाला की मी कापसाचा भाव काढत होतो.

पुंजारामला आपल्या बैलांचा भारी अभिमान. मोटारलारीनं यायचं सोडून तो स्वतःची छपराची गाडी हाकत आला. वलगावला मी गाडीत बसलो आणि उन्हानं डोळा लागला. वाटलं होतं, दिवस कलता गावात पोचू. पण त्याचे बैल खरोखरच पाणीदार निघाले.

मला जाग आली ती एका आवाजानं.

"आंधये हा का तुमी? का डोये बैलाले देऊन आले?"

तो आवाज मी तिच्या लग्नापासून ओळखतो. मी छपराच्या फटीतून पाहिलं. गाडी काठावर बाभळीखाली सोडलेली होती. पुंजाराम धोतर खोचून नदीत उभा, त्याचे दोन्ही बैल बरोबर झिऱ्यात उभे, आणि त्यांतल्या एकानं झिऱ्यात जे करायला नको तेच नेमकं केलं होतं. समोर रिकामी घागर घेऊन मैनाबाई. पाहुणे यायचे म्हणून गोडं पाणी न्यायला ती आली होती, आणि पाहुण्याच्याच बैलांनी ते असं करून ठेवलं होतं.

मी उठून म्हणायला हवं होतं की वहिनी, हे आपले होणारे व्याही. पण तोवर तिनं त्यांच्या बैलांची, त्यांच्या गावाची आणि त्यांच्या गुरूची अशी विचारपूस केली होती, की ओळख करून देण्यात अर्थ उरला नव्हता. मी उपरणं तोंडावर ओढलं आणि एक डोळा फटीशी ठेवून निजलो. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यानं आधी एक सोयरीक जुळवून पाहावी.

"एवढी नदी पडली हाये बाई," पुंजाराम म्हणाला. "दोन बैलं पाणी पेले त काय बुडालं?"

"नदी तुमाले दिसून रायली. आमाले पाणी दिसते. बैलं काढा, पिंपयापाशी बांधून या, अन् हा झिरा उपसा."

"मी?"

"मंग का बैलं उपसतीन?"

मला वाटलं, आता हा गाडी जुंपतो. पण पुंजाराम शेवटी पाण्यात वाढलेला माणूस, चूक कळल्यावर त्याला लाजही वाटली असावी. तो बैल बांधून आला, पागोटं काढून वाळूवर ठेवलं आणि करवंटी घेऊन बसला. घाण पाणी उपसलं, वाळू काढली, कडा नीट केल्या. मैनाबाई बसून चुका दाखवत होती. मग दोघं पाणी येण्याची वाट पाहत बसली. ते काही येईना.

"एवढा येळ लागते?" त्यानं विचारलं.

"आज लवकर येऊन रायलं. येशाखात या."

मग काठावर बसलेला कोणताही मुलीचा बाप जे विचारतो ते त्यानं विचारलं. पाणवठ्यावर बाया खरं बोलतात म्हणे.

"बाई, या गावात किसनराव माळ्याचं घर कसं हाये?"

"कावून?"

"पोट्टी द्याची हाये. सुभद्रा नाव तिचं."

आणि मैनाबाई गप्प झाली. मैनाबाईची चुप्पी मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. तिला आता कळलं होतं, आपण कोणाला वाळू उपसायला बसवलं ते.

"पोट्टा कसा हाये?" पुंजाराम विचारत होता.

"चांगला हाये. कामाचा हाये. बोलत नाई."

"अन् बाप?"

"थो बी बोलत नाई."

"मंग माय?"

"थे सगळ्याइच्या वाटचं बोलते."

पुंजाराम मोठ्यानं हसला. मी उपरण्याखाली थोडा सैल झालो. बाई हुशार, म्हटलं, सावरून घेईल. एक शब्द गोड बोलली की काम फत्ते. तेवढ्यात त्यानं विचारलं, "खरं सांगा. तुमची पोट्टी असती त तुमी देली असती त्या घरी?"

करवंटी वाळूवर घासल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नसती देली."

मी गाडीतून पडायचाच राहिलो.

"घरात काई खोट नाई," ती म्हणाली. "माणसं देवासारखी हायेत. पण हे पायता ना, हे असं बसा लागते. ताप असो, पोटूशी असो, पाण्याले या लागते. माह्या बापानं घर पायलं, वावर पायलं, बैलाचे दात पायले. पाणी चाखून नाई पायलं. मी पयल्या साली या वाळूत बसून लय रडली. तुमी विचारलं म्हणून सांगतलं."

झिऱ्यात पाणी आलं होतं. तिनं घागर भरली. तिनं नाही, त्यानंच भरून दिली, एकेक करवंटी. ती घागर डोक्यावर घेऊन आडवाटेनं निघून गेली. गाडीत मी आधी शिव्या दिल्या, त्या तिलाच दिल्या. तिसरं स्थळ, आणि मुलाच्या सख्ख्या आईनं भर नदीत बुडवलं. असल्या बाईसाठी मी वलगावपर्यंत उन्हातान्हात गेलो होतो.

गावात शिरताना पुंजाराम म्हणाला, "झिऱ्यावर एक बाई भेटली होती."

"हो का?" मी जांभई दिली. "गावात बाया लय हायेत."

किसनरावाच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती. किसनरावानं राम राम घातला आणि त्याचं त्या दिवसाचं बोलणं संपलं. भगवंत नवं धोतर नेसून खांबाशी उभा होता. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. दोन स्थळांनी पोरगं असं झालं होतं, की पाहुणा आला की आधी पाण्याच्या भांड्याकडे पाहायचं.

आणि मैनाबाई? दाराआड, हनुवटीपर्यंत पदर. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती गप्प. पुंजारामनं नमस्कार केला, तिनं मान हलवली. प्रवास कसा झाला वगैरे विचारायचं ते तिनं शेजारच्या गंगूबाईकडून विचारवलं. पुंजाराम आपल्या होणाऱ्या विहिणीबद्दल मला हळूच म्हणाला, "इनबाई मोठ्या शांत दिसतात." मी म्हटलं, आमच्याकडची बाई मर्यादेची आहे. मला आशा वाटायला लागली होती. तोंड बंद राहिलं तर आवाज ओळखू येणार नाही, आवाज ओळखू आला नाही तर झिऱ्यावरची बाई म्हणजे गावातली कोणीतरी कुचकी शेजारीण. तसं मी नंतर सांगणारच होतो, नावही ठरवून ठेवलं होतं.

पण आमच्याकडे पाहुण्यापुढे दोन भांडी येतात. पाय धुवायला गंगाळात खारं, आणि प्यायला गडव्यात गोडं. आम्हाला हे सांगावं लागत नाही. पुंजारामच्या मुलखात जे पाणी हाताशी येईल त्यानं आधी पाय धुवायचे, पाणी सगळं सारखंच. त्यानं गडवा उचलला, ओट्याच्या कडेला गेला आणि सरळ पायांवर धार धरली.

मी दाराकडे पाहिलं. मैनाबाईनं दाराची चौकट धरली. गडवा अर्धा झाला. पुंजारामनं दुसरा पाय पुढे केला.

"पाव्हणे, थे पेयाचं हाये," पदरातून आवाज आला. "पाय धुवाचं तठी गंगाळात हाये."

धार थांबली. पुंजाराम तसाच एका पायावर उभा राहिला. त्यानं हातातल्या गडव्याकडे पाहिलं, मग खाली मातीत जिरणाऱ्या ओलीकडे, मग दाराकडे.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "म्यांच उपसलं अन् म्यांच सांडलं."

झिऱ्यावरचं सगळं आधीच ऐकलेली गंगूबाई फिस्सकन हसली आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली. बाकी कोणी हसलं नाही, कारण किसनराव आणि भगवंतला काही कळलंच नव्हतं. ते पुंजारामनं कळवलं. तो सतरंजीवर येऊन बसला आणि म्हणाला, "किसनराव, तुमच्या घरून मले झिऱ्यावरच उत्तर भेटलं. इनबाई म्हणे, या घरी पोट्टी देऊ नका."

किसनरावानं बायकोकडे पाहिलं. भगवंतनं आईकडे पाहिलं नाही. तो खाली मान घालून परसाकडे निघून गेला. तेव्हा मैनाबाईनं पदर मागं सारला. डोळे भरलेले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"सांगतलं," ती म्हणाली. "माह्या पोराचं लगन होत नाई म्हणून दुसऱ्याच्या पोट्टीले फसवू का? हे विचारत होते, भाऊजी. माह्या बापानं कोणाले विचारलंच नव्हतं."

हे ती मला म्हणाली. मला का, ते मला आजवर कळलेलं नाही. मी तर गाडीत निजलेला होतो.

पुंजाराम उठला. गंगाळातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं तोंडात घेतलं. त्याचं तोंड असं झालं, की एरवी मी हसलो असतो. पण त्यानं ते थुंकलं नाही, गिळलं.

"मी हो बी म्हणत नाई अन् नाई बी म्हणत नाई," तो म्हणाला. "एखादी रिकामी शिशी असन त द्या. पोट्टीले चाखवतो. राहाचं तिले हाये, मले नाई."

औषधाची एक शिशी धुऊन, त्यात विहिरीचं पाणी भरून, बूच लावून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. सोयरिकीत मी आजवर नारळ नेले, खण नेले, एकदा तर एका नवरदेवाची टोपी मापाला नेली. खाऱ्या पाण्याची शिशी नेण्याची वेळ मात्र पहिलीच. सबंध वाटेत पुंजाराम ती मांडीवर धरून होता आणि मी तंबाखू मळत होतो.

सुभद्रा मळ्यात होती. विहिरीवर मोट चालू, पाटातून पाणी खळखळ संत्र्यांत जात होतं, आणि ती कुदळीनं पाटाचं तोंड बदलत होती. एवढं पाणी वाहताना पाहून माझ्या मनात लगेच आलं की मैनाबाईनं हे पाहिलं असतं तर पाटाला सुद्धा बूच लावलं असतं. पुंजारामनं शिशी पुढे केली. तिनं घोट घेतला आणि पाटाच्या काठावर थुंकला.

"हे पेते थे लोकं?"

"पेयाचं झिऱ्यातून आणते. बाकी सगळ्या कामाले हे."

"झिऱ्यावर कोण जाते?"

"बाया."

तिनं शिशीला बूच लावलं आणि बापाच्या हातात परत दिली. माझी चौदा कोसांची वाट वाया गेली होती. तरी तिचा राग आला नाही, खोटं का बोलू. तिच्या जागी मी असतो तर शिशी फेकून मारली असती.

"झिऱ्यावर एक बाई भेटली होती," पुंजाराम म्हणाला. "तिले विचारलं. थे बी म्हणे, देऊ नका. पाण्यासाठी रडा लागते म्हणे."

"मंग बरोबरच सांगतलं तिनं. कोण होती?"

पुंजारामनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भगवंताची माय."

सुभद्रानं कुदळ खाली ठेवली. "सासू?" तिनं विचारलं. "तिले मालूम नसन, बाबा कोण हायेत थे."

"मालूम झाल्यावरच सांगतलं," पुंजाराम म्हणाला.

मग तिनं शिशी बापाच्या हातून परत घेतली, बूच काढलं आणि पुन्हा एक घोट घेतला. या वेळी तिनं तो गिळला. तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, पण गिळला.

"द्या मले तिच्या घरी," ती म्हणाली. घर कोणाचं हे तिनं बरोबर ओळखलं होतं. बिचाऱ्या भगवंतचं नावही निघालं नाही.

मी लारीनं परतलो. मैनाबाई ओट्यावर तूर निवडत होती, किसनराव बाजूला दोर वळत होता. मी निरोप सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं.

"तिले चाखवलं?"

"चाखवलं."

"झिऱ्याचं सांगतलं?"

"सगळं सांगतलं, वहिनी. तुमी रडत होत्या थे बी."

"तरी येते म्हणे?"

"तरी."

"येडी बह्याड हाये पोट्टी," ती म्हणाली आणि सूप उचललं. पण हात चालेना. तूर तशीच राहिली.

"मले कोणी आधी सांगतलं असतं ना भाऊजी, त मी आली नसती. मरून गेली असती पण आली नसती."

किसनरावाचा दोर वळायचा थांबला. तो तिच्याकडे पाहत होता, आणि विचारायची त्याची छाती नव्हती. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली, "कोणी नाई सांगतलं."